कॅप्टनसाठी प्रार्थनेचा विषय

माझ्या भावाबद्दल तुम्हाला कुणीही चांगलंच सांगेल. म्हणून म्हटलं, एकदा मीच सांगते.

त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. आमच्या चर्चच्या फुटबॉल टीमचा तो कॅप्टन, पण पाळकही त्याला कॅप्टनच म्हणतात, भाजीवालीही म्हणते, आमची आईसुद्धा म्हणते. मी म्हणत नाही. मी त्याची मोठी बहीण आहे, लहानपणी त्याचं शेंबडं नाक मी पुसलंय.

पोटापाण्यासाठी तो एसी दुरुस्त करतो. संध्याकाळी मैदान. रविवारी सकाळी चर्च, आणि चर्च सुटलं की टीमची पोरं घेऊन आजारी माणसांच्या भेटी. ज्या म्हाताऱ्यांना जिना उतरवत नाही त्यांना ही पोरं खुर्चीसकट उचलून खाली आणतात, उपासनेला बसवतात आणि परत वर नेऊन पोचवतात. उतरताना हा नेहमी खालच्या बाजूला असतो, कारण सगळा भार तिकडे येतो. हे खोटं नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. खोटं असतं तर किती बरं झालं असतं!

एका कंपनीनं त्याला खेळाडू म्हणून नोकरीच देऊ केली होती. सामने रविवारी सकाळी. हा म्हणाला, रविवारची सकाळ प्रभूची, आणि नोकरी नाकारून आला. ती गोष्ट आमच्याकडे लहान मुलांना अजून सांगतात. मी व्हॉलीबॉल सोडलं त्याची मात्र कुणी साधी चौकशी केली नाही. शहराच्या टीममध्ये होते हो मी! नेटपाशी उभी राहून बॉल उचलून द्यायचे, दुसरी मारायची, टाळ्या तिला. तेव्हाही जळायचे मी, पण निदान बॉल तरी हातात यायचा.

मग आईच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू पार लुळी पडली. तेव्हापासून तिची कॉट आणि माझं शिलाई मशीन एकाच खोलीत आहे. मी शाळेचे गणवेश शिवते. चार शिवणी मारल्या की उठायचं, तिला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पाणी पाजायचं, परत मशीनवर बसायचं. संध्याकाळी दारात कॅप्टनचे बूट वाजले की आईचा चेहरा असा काही फुलतो की काय सांगू! तो तिचा हात हातात घेऊन प्रार्थना करतो, छान करतो, आणि आंघोळीला जातो. "किती दमून आलंय पोर," आई म्हणते. मी दिवसभर तिथेच असते, त्यामुळे मी दमून कुठून येणार?

अशात आमच्या जुन्या टीममधली एक नर्स दारात उभी राहिली. कॉलेजच्या मुलींनी आम्हा जुन्या बायकांना मॅचचं आव्हान दिलं होतं. रविवारी अकरा वाजता, चर्चमागच्या शाळेच्या मैदानावर. तिनं बाकीच्या सगळ्यांना गोळा केलं होतं. "तुला धरून बरोबर सहा होतात," ती म्हणाली. "जादा कुणी नाही. तू आलीस तर टीम, नाहीतर आम्ही न खेळताच हरलो."

मी होकार देऊन टाकला. आणि रात्रीच्या जेवणात भावाला म्हणाले, "रविवारी चर्च सुटल्यावर आईजवळ बसशील? शेजारच्या मावशी साडेदहापर्यंतच असतात, मग त्यांची ड्यूटी असते."

"ताई, नेमका याच रविवारी?" तो म्हणाला. "उपासनेत माझी साक्ष आहे, प्रभूनं माझ्यासाठी काय केलं ते सांगायचंय. आणि नंतर दोन घरी भेटी ठरल्यात."

"भेटी पुढे ढकल."

"अगं, देवाचं काम आहे ते."

झालं! हे वाक्य आलं की आमच्या घरात पुढे कुणी बोलत नाही. आईनंही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी दानपेटीत हात घातला होता. एवढ्या वयात बॉल खेळायची हौस, तीही आई अंथरुणाला खिळलेली असताना! मी ताटं उचलली. इतक्या वर्षांत एक सकाळ मागितली होती मी, एक.

रविवारी मी बॅगेत बूट आणि गुडघ्याचे पट्टे घालूनच चर्चला गेले. का, ते मलाही माहीत नव्हतं.

कॅप्टन साक्ष द्यायला उभा राहिला. पांढराशुभ्र शर्ट. इस्त्री मीच केलेली. "लोक विचारतात," तो म्हणाला, "खेळ, काम आणि प्रभूची सेवा हे सगळं कसं जमतं? मी म्हणतो, अवघड काही नाही. वेळेचं नियोजन पाहिजे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेळेचं नियोजन! अरे, मी आहे ते! मी घरी बसते म्हणून तुझं नियोजन होतं. माझ्यापुढे बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. एक म्हणाली, "असा मुलगा पोटी यावा." मला तिथेच ओरडावंसं वाटलं की मुलगीही आलीय हो पोटी, मागच्या बाकावर बसलीय.

साक्षीनंतर प्रार्थनेचे विषय मांडायचे असतात. ज्याला मांडायचा त्यानं उभं राहून सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. एकदा आमेन झालं की तो विषय सगळ्या मंडळीचा. मग आठवडाभर रस्त्यात कुणीही गाठून विचारतं, काय झालं हो त्याचं? सगळ्यांत मोठा आमेन आमच्या कॅप्टनचा असतो. सवयच आहे त्याला, समोरचा श्वास घ्यायला थांबला की हा आमेन म्हणून मोकळा.

कुणाचा गुडघा झाला, कुणाच्या सुनेचं बाळंतपण झालं. मग मी उभी राहिले.

"माझ्या भावासाठी प्रार्थना करा," मी म्हणाले. "प्रभूनं त्याला आजच सेवेची आणखी एक संधी द्यावी आणि त्यानं ती आनंदानं पत्करावी."

"आमेन!" सगळी मंडळी म्हणाली. त्याचा आवाज सगळ्यांच्या वर.

"साडेदहापासून," मी म्हणाले. "घरी, आईजवळ. अकरा वाजता माझी मॅच आहे."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. भावाचे कान लालबुंद झाले होते. त्यानं पाळकांकडे पाहिलं. पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कॅप्टन," ते म्हणाले, "आमेन तर तुम्हीही म्हणालात."

भेटी दुसऱ्यांकडे गेल्या. तो घरी गेला. आणि मी मैदानावर गेले.

पहिला सेट आम्ही असा हरलो की बघवत नव्हतं. दुसऱ्यात बोटांना आठवू लागलं. मी बॉल उचलून देत होते, नर्स मारत होती आणि त्या कॉलेजच्या पोरी धावत होत्या. दुसरा सेट आमचा! तिसरा बरोबरीला आला. सर्व्हिस माझी. मी बॉल हातात घेतला आणि तेवढ्यात मैदानाच्या कडेला गलका झाला.

कॅप्टन आला होता, आईला घेऊन. चर्चच्या व्हीलचेअरवर. त्याच्या पोरांनी तिला जिन्यावरून उचलून आणलं होतं. आजारी पडल्यापासून आई उंबऱ्याबाहेर आली नव्हती, आणि आता ऊन लागून डोळे बारीक करून बघत होती, हसत होती. चर्चमधल्या बायकांनी त्याला घेरलंच. "बाई बाई, आईला मॅच दाखवायला आणलंन! सुचतं कसं याला?"

मला का नाही सुचलं? इतकी वर्षं मी तिच्याजवळ, आणि हा एका तासात तिला उन्हात घेऊन आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. आणि सुचलं असतं तरी आईला उचलायला मला चार पोरं कुणी दिली असती?

तेवढ्यात मला आईचा डावा पाय दिसला. तो खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळीवरून घसरून चाकापाशी लोंबत होता. त्या पायाला काही लागलं तरी तिला कळत नाही. खुर्ची वीतभर ढकलली असती तरी टाच चाकाखाली गेली असती. त्या एवढ्या गर्दीत कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

मी बॉल काखेत मारून निघालेच. नर्स ओरडली, "अगं, कुठे निघालीस?"

मी रेषेवर थांबले. "दादा!" माझ्या तोंडून निघालं, लहानपणी लाडात म्हणायचे तसं. "आईचा पाय! डावा!"

त्यानं खाली पाहिलं आणि चेहराच उतरला त्याचा. पाय उचलून त्यानं जागेवर ठेवला, तो घसरला. परत ठेवला, परत घसरला. "राहत नाही गं," तो म्हणाला. "तू कसा ठेवतेस?"

"घरी खुर्चीत बसवते तेव्हा पट्टीनं बांधते. पट्टी घरी आहे."

"मग आता?"

"आता धर हातात."

तो पांढऱ्या शर्टात धुळीत गुडघ्यांवर बसला, खेळाकडे पाठ करून, आणि आईचा पाय त्यानं दोन्ही हातांत धरला. एक बाई लगेच म्हणाली, "बघा, आईचे पाय धरून बसलंय लेकरू. नशीब लागतं अशा मुलासाठी." माझा पुन्हा तिळपापड झाला. नाही म्हणजे नाहीच, या माणसापुढे माझा निभाव लागायचा नाही.

"ताई," तो मान न वळवता म्हणाला, "स्कोअर काय झालाय?"

"पाय सोडू नकोस," मी म्हणाले, आणि सर्व्हिस केली.