मामांचा ढीग आणि माझे टोमॅटो

मी चुकीच्या ढिगातलं पोतं उचललं. माझा गुन्हा एवढाच. बाकी सगळं टोमॅटोंनी केलं.

माझ्या बायकोच्या मामांइतकं जळगाव कुणालाच कळलेलं नाही. गावाबाहेरच्या सांडपाणी केंद्रावर त्यांची उभी हयात गेली. गाव ज्याच्यावर पाणी ओतून मोकळं होतं, ते सगळं मामांकडे जमा होतं. तो गाळ वाफ्यांवर वाळवायचा, केळीचा वाळका पाला मिसळून ढीग लावायचा आणि खत करायचं, हा त्यांचा संसार. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवत आणि बाहेर काढून तिला असा हात लावत, की जणू तापलेल्या लेकराचं कपाळच. मग चहा थंड करत ढिगाभोवती वाकून फेऱ्या. एकदा मी विचारलं, "मामा, काय हरवलं?"

"काही नही, जावाईबापू. सापडाले नको म्हनीसन देखी राह्यनू."

खत उत्तम, पण घेणारा नाही. शेतकरी नाव ऐकूनच नाक धरत. आणखी एक हंगाम असाच गेला, तर सगळे ढीग कचरा डेपोत जाणार होते. शेवटी यावलचे एक केळीवाले आबा बघायला यायला तयार झाले. मी म्हटलं, आधी आमच्या बागेतला पुरावा दाखवू! मामांना न विचारता, चालणं वाचावं म्हणून, केंद्राच्या फाटकाजवळच्या ढिगातलं पोतं मी गुलाबांना घातलं होतं.

मामा आबांना घेऊन बागेत आले. गुलाब दिसेनात, जिकडेतिकडे टोमॅटो.

"कधी लावले?"

"लावलेच नाहीत! खताचा गुण!" मी एक तोडून त्यांच्या हातावर ठेवला.

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी थाप मारली असती तरी खपली असती. त्यांनी हळूच तो टोमॅटो काढून घेतला. "आबा, खाऊ नका. याना बी कोनीतरी आधीच खायेल शे."

टोमॅटोचं बी म्हणे पोटातून, गटारातून जिवंत निघतं. ढीग नीट तापला तरच मरतं. फेऱ्या मारताना मामा तेच रोप शोधत. दिसलं, की ढीग कच्चा, पुन्हा उलटायचा. मी नेमकं तसल्याच ढिगातलं पोतं उचललं होतं.

आबा थेट केंद्रावर गेले. पक्क्या ढिगाभोवती स्वतः वाकून तीन फेऱ्या मारल्या. एक रोप नाही. "स्वतःच्या मालाची खोड सांगणारा माणूस पहिल्यांदा पाहिला," म्हणाले, आणि ट्रॉली ठरवून गेले.

तेव्हापासून हे खत कच्च्या खायच्या भाजीला नाही, केळीलाच पडतंय ना, हे बघायला मामा दर हंगामात ट्रॉलीवर बसून यावलला जातात. निवृत्तीला आता थोडेच दिवस उरलेत. परवा आमच्या बागेत खुर्चीवर बसून, वाकता येत नाही म्हणून लांबूनच गुलाबांची मुळं न्याहाळत, त्यांनी आबांना फोन लावला. "यंदा मना गुडघा नही म्हनस. जावाईले धाडी देस."

फोन स्पीकरवर होता.

"केळीला थांबायला सांगतो, भाऊ," आबा म्हणाले. "गुडघा बरा झाला की तुम्हीच या. जावयाला नका पाठवू."