माकलाची शाई

आचरा तिठ्यावर कणकवलीची एसटी लागली, तेव्हा आई बाजारातून धावतपळत आली होती. माशांची पाटी शेजारी बसणाऱ्या शेवंतीकाकीच्या ताब्यात दिलेली, डोक्यावर चुंबळ तशीच. मी पुण्याला ड्रॉइंग टीचर म्हणून निघाले होते आणि अंगावर नवा पिवळा ड्रेस होता. आईने मला जवळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले आणि मध्येच थांबली. सकाळपासून माकलं साफ करत होती ती. माकूल म्हणजे पोटात काळ्या शाईची पिशवी घेऊन फिरणारं, पुष्कळ पायांचं जनावर. पिशवी फुटली की धुवून धुवून हात दुखतात, पण काळं जात नाही. "हाताक काळां आसा गो, ड्रेसाक लागतला," म्हणाली, आणि मनगटाची मागची बाजू माझ्या गालावरून एकदा फिरवली. "पोचलंस काय फोन कर. आणि थंय उपाशी रवू नको."

एवढाच आमचा निरोप. गाडी वळेपर्यंत ती हात अंगापासून लांब धरून उभी होती. गावात राहिलेल्यांनो, तुम्ही अशी कितीतरी माणसं त्या तिठ्यावरून घालवलीत. आणि माझ्यासारखे जे निघून गेलात, तुम्हाला वेगळं काही सांगायला नको. ड्रेसला काळं लागू नये म्हणून तिने जपलं. आज वाटतं, लागलं असतं तर बरं झालं असतं.

पुण्यातली शाळा मोठी, काचेची, झाडंसुद्धा शिस्तीत उभी असलेली. तिथे चित्रकलेला चित्रकला म्हणत नाहीत, 'आर्ट अँड वर्ल्ड कल्चर्स' म्हणतात. जूनमध्ये ऑस्ट्रेलिया, म्हणजे ठिपक्यांची कासवं. मग आफ्रिका, म्हणजे पुठ्ठ्याचे मुखवटे. मेक्सिकोला रंगीत कागद कातरायचे, दिवाळीनंतर जपान, आणि जानेवारीत इंडिया, म्हणजे वारली. वर्षभरात पोरं सगळ्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालून येतात आणि त्यांच्या मॅडमने पुण्यापलीकडचं काही पाहिलेलं नाही. मी पहिल्यांदा हे फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मगे आमचो आचरा कधी शिकवतलंस?" मी हसले. आचरा प्लॅनिंग शीटमध्ये नव्हता.

खोटं का बोलू, मला ते काम आवडतं. सातआठ वर्षांचं पोर जीभ बाहेर काढून ठिपके देत बसतं, तेव्हा ऑस्ट्रेलिया कुठे आहे हे त्याला ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. पण घोडं अडलं ते जपानपाशी. तिथले कोळी म्हणे, मोठा मासा मिळाला की त्याच्या अंगाला शाई लावून वर पातळ कागद दाबत. खवला न् खवला, पर न् पर कागदावर उतरे. मासा केवढा होता याची ती साक्ष. मग मासा धुवायचा आणि खायचा. हे वाचलं त्या दिवशी मला कोण आनंद झाला. कारण शाई लावायचा हा उद्योग मी जपानचं नाव ऐकण्याआधी केला होता. लहानपणी आई माकलं साफ करायला बसली की मी फुटलेल्या पिशवीत बोट बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर चित्रं काढायचे. बाबा रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून दमून आलेले, तरी ते कागद उचलून बघायचे. आई मात्र म्हणायची, "कागद काळो केलंस ता केलंस, आता फ्रॉक तरी सोड." माझी पहिली शाई ती. बाटलीतली फार पुढे आली.

म्हणून मी हौसेने कोऑर्डिनेटर मॅडमना सांगितलं, मासे आणते मी, मंडईतून ताजे आणते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी वर्गात साप सोडायचं म्हणतेय. "अगं, आपला कँपस व्हेज आहे. पालक काय म्हणतील?" मग ऑनलाइन रबराचे मासे आले. निळसर, वास नसलेले, सगळे एका साच्यातले. तेच धुवून दरवर्षी वापरतो आम्ही. जपानचं युनिट असं सुरळीत चालू झालं.

बाबा गेल्यावर आई घरात एकटी राहिली. तिला दम लागायला लागला. हृदय कमजोर झालंय, ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि तिचं तर सगळं आयुष्य पाटीखाली गेलेलं. मला एकच हवं होतं, तिने उरलेलं आयुष्य माझ्याजवळ काढावं. माझा छोटा फ्लॅट होता, मागे संसार नव्हता, दवाखाना समोर. गणपती पोचवले आणि त्याच आठवड्यात मी तिला पुण्याला घेऊन आले. ती आली. 'नको' असं एकदाही म्हणाली नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण आई वाद न घालता कबूल झालेली मी जन्मात पाहिली नव्हती.

माझी सोसायटी कागदावर सगळ्यांची आहे, पण जिन्यात वास आला की दारं उघडतात. आईने पिशवीतून सुके बांगडे आणले होते, प्लॅस्टिकच्या चार पिशव्यांत बांधून. एकदा तिने त्यातला एक भाजला. दहा मिनिटांत शेजारच्या काकू बेल वाजवून विचारायला आल्या, "तुमचा गॅस लीक होतोय का हो?" मी कॉलेजातली पोरगी असते तर हसले असते. आईने बाकीचे बांगडे पुन्हा पिशव्यांत बांधले आणि परत सोडले नाहीत. मी लांबच्या मंडईतून बर्फातली सुरमई आणायचे. आई तिचा डोळा बोटाने दाबून बघायची आणि सार करायला घ्यायची. तिरफळ, सोलं, खोबरं, सगळं असायचं. जेवताना म्हणायची, "बरां झालां." आमच्या घरी जेवण बरं झालं असं कोणी म्हणत नसे. मीठ कमी पडलं तेवढं सांगत.

दुपारी ती बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची. दिवाळीच्या सुमाराला एकदा मी शाळेतून आले तर दोन्ही तळवे नाकाशी धरून बसलेली. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. हात हुंगत होती. मला बघून तळवे माझ्यापुढे केले, एखादं पोर धुतलेले हात दाखवतं तसे. गोरे पडले होते ते हात, मऊ झाले होते. म्हणाली, "बघ गो. हाताक वासच रवाक नाय."

मी म्हटलं, बरंच झालं की, माशांचा वास जावा म्हणून आयुष्यभर लिंबू चोळत होतीस. ती "होय तर" म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

डिसेंबरात आमच्या शाळेचा 'वर्ल्ड कल्चर डे' असतो. आईला मी घेऊन गेले. तिने ठेवणीतलं हिरवं पातळ नेसलं, अबोलीचा वळेसार कुठे मिळेना म्हणून मोगऱ्यावर भागवलं. मुखवटे बघून तिला दशावतारातले राक्षस आठवले, त्यातला एक जास्तच आवडला. मग ती जपानच्या भिंतीपाशी आली. माझ्या पोरांनी छापलेले मासे ओळीने लावले होते, निळे, काळे, एखाद्याने हट्टाने गुलाबी केलेला. आई जवळ गेली, मागे आली, पुन्हा जवळ गेली. माशांच्या लिलावात उभी राहिली की अशीच बघायची ती.

"ह्यो खंयचो मासो?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ठाऊक नाही, रबराचा आहे.

"तरीच. सगळे एकाच आवशीचे दिसतत." मग मी तिला जपानची हकिगत सांगितली, शाई, कागद, खवले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिला पडलेला एकच प्रश्न विचारला, "आणि मगे तो मासो धुवन खातत मां?" खातात म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. रबरी माशांकडे बघून म्हणाली, "आणि ह्यो कधी जितोच नव्हतो. तेचो कसलो छाप काढतास?" आजूबाजूला पालक होते. मी तिला हळू बोल म्हटलं, आणि मग मलाच हसू आलं, आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून हसलो. पुण्यात तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

परतताना रिक्षात तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. "तू बरी शिकवतंस. तुजा बरां चल्लां हा. आता माका घराक सोड."

मी डॉक्टरांचं नाव काढलं, घरच्या पायऱ्यांचं काढलं, एकटीला दम लागला तर कोण आहे ते विचारलं. तिने सगळ्याला मान हलवली. सगळं खरं होतं आणि तरी तिला जायचं होतं. नाताळच्या सुट्टीत मी तिला आचऱ्याला सोडली. कणकवलीला गाडीतून उतरल्यावर मी तिचा हात धरायला गेले तर ती माझ्या पुढे चालत होती.

महिनाभरात ती बाजारात जाऊन बसायला लागली. ओझं उचलत नव्हती, पाटी शेवंतीकाकीच आणून ठेवायची. फोनवर तिचा आवाज मोठा झाला होता, मागून गिऱ्हाइकांची घासाघीस ऐकू यायची, आणि ती मला सांगता सांगता मध्येच कोणाला तरी झापायची. शिमग्याच्या आधी एका सकाळी ती बाजाराला निघाली आणि उंबऱ्यावरच बसली. फोन शेवंतीकाकीने केला. मी पोचले तोवर अंगणात माणसं जमली होती.

बायकांनी आंघोळ घालून तिला ठेवली होती. काकी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "साबण लावन लावन धुतलां गो, पण वास जायना." तिला त्याची लाज वाटत होती. मी आईचे हात उचलून नाकाशी नेले. खरंच होता माशांचा वास. लोकांना वाटलं मी हातांचे मुके घेतेय, तेही घेतले.

सुतक फिटेपर्यंत घरात मासे नाहीत. चुलतभावाने सगळं रीतसर केलं. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन बाजारात गेले. चालता चालता लक्षात आलं की आचऱ्याच्या बाजारात मी कधी मासे विकत घेतलेच नव्हते. आमच्याकडे ते यायचेच. आईच्या जागी एक नवी मुलगी बसली होती, लग्न होऊन आलेली असेल. तिच्यापुढे एक तांबोसा होता, लालभडक, डोळा चकचकीत, खवले मोठाले. मी विचारलं, "हा कसा दिलास?"

इतक्या वर्षांत तोंडाला बसलेलं पुणेरी मराठी. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चपलांकडे पाहिलं, आणि पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली. "ताजा आहे मॅडम. आपण कुठून आलात? होमस्टेला उतरलात का?"

तिचा काही दोष नाही. हल्ली पर्यटक येतात, त्यांच्याशी असंच बोलावं लागतं. पण आई गेली हे मला उंबऱ्यावर कळलं नव्हतं, आणि चितेपाशीही पुरतं कळलं नव्हतं. ते त्या 'आपण'ने कळलं. ज्या जागेवर बसून माझ्या आईने मला 'गो' म्हणून हाका मारल्या, तिथून मला कोणीतरी 'आपण' म्हणालं. मी तिथेच बाजारात उभी राहून रडायला लागले.

पलीकडून शेवंतीकाकी ओरडली, "अगो, ता सुभद्रेचा चेडू! भायलां नाय ता." आईच्या नावाने माझी ओळख दिली आणि मला म्हणाली, "रडतंस काय? घे तो तांबोसो. आणि ही माकलां घे, तुज्या आवशीक आवडत."

माकलं हातात आली तेव्हा मला माझं काम कळलं. बाजारातल्या दुकानातून पतंगाचा पांढरा कागद घेतला. स्वयंपाकघरात आई बसायची तिथेच बसले, माकलाच्या पिशव्या वाटीत फोडल्या, तांबोसा पुसून कोरडा केला आणि बोटांनी त्याला शाई लावली. ही शाई पोटात गेली तरी चालते. कागद ठेवून तळव्याने दाबत गेले, डोक्याकडून शेपटीकडे. कागद उचलला तर आख्खा मासा होता. पोटापाशी जाळ्याचा दोर लागून खवले उडाले होते, तेवढी जागा कोरी आली. रबरी माशाला असं काही नसतं. तो जिता होता हे त्या कोऱ्या जागेवरून दिसत होतं.

मग तो मासा मी धुतला. खवले काढले, तुकडे केले, हळद-मीठ लावलं, तिरफळं घालून तिखलं केलं आणि एकटीने जेवले. मीठ कमी पडलं होतं. ते सांगायला कोणी नव्हतं. ताट उचलताना मी मोठ्याने म्हणाले, "आये, धुवन खाल्लंय गो."

परत निघाले तेव्हा तिठ्यावर मला घालवायला कोणी आलं नाही, बाजाराची वेळ होती. माझे हात काळे होते, नखांत शाई होती, आणि मी ते अंगापासून लांब धरले नव्हते. ड्रेसला लागलं ते लागू दिलं.

आता तो छाप माझ्या वर्गात लावला आहे, जपानच्या भिंतीवर. कोऑर्डिनेटर मॅडम येऊन बघून गेल्या. कागदच होता तो, त्याला कुठला वास, त्यामुळे काही बोलल्या नाहीत. पोरं विचारतात, मॅडम, हा कुठला मासा? मी सांगते, आचऱ्याचा. आचरा कुठल्या कंट्रीत आहे असं एकाने विचारलं. घराला कुलूप आहे, किल्ली काकीकडे आहे. गावी गेले तर काकी मला 'गो' म्हणेल, ती आहे तोवर.

पुण्यात आल्यावर दोन दिवस मी लिंबू लावलं नाही, साबण हलका लावला. डबा खाताना, फळा पुसताना, हात नाकाशी न्यायचे. तिसऱ्या दिवशी चौथीला मेक्सिकोचे राहिलेले कागद चिकटवून घेतले, डिंक, पोस्टर कलर, सगळं धुतलं. संध्याकाळी बाल्कनीत, तिच्या खुर्चीत बसून, तळवे नाकाशी धरले. वासच रवाक नाय.