व्याह्यांच्या रॉकेटची तीन पाती

सबंध खानदेशात माझ्या व्याह्यांइतका हट्टी माणूस झाला नाही, आणि हे मी सांगतोय. मी कोण, तर चौथीत मास्तरांनी कान पिळला म्हणून पाटी तिथंच ठेवून उठलेला. ती आणायला अजून गेलेलो नाही. पुढं सगळी हयात धुळ्यात कुलरचे पत्रे कापण्यात गेली.

व्याही देवपूरच्या शाळेत सायन्स शिकवायचे. पोरगी आमच्या घरात दिलेली, म्हणून नातवंड होईपर्यंत आमच्याकडचं पाणीसुद्धा पीत नसत. माझं दुकान घराच्या मागेच, तर तिथंही स्वतःची बाटली घेऊन यायचे. पाणी चालत नव्हतं, पण माझी कानस, माझा पत्रा आणि मी, यांच्यावर पूर्ण हक्क. वारा कुठून येतो हे पाहिल्याशिवाय त्यांनी कधी छत्री उघडली नाही. एका लग्नात अग्निबाण वाकडा गेला, तर नवरदेवाला घोड्यावर ताटकळत ठेवून ते आतषबाजीवाल्याला त्याचं कारण समजावत बसले. त्याच आतषबाजीवाल्याकडून दारू भरून घेऊन त्यांनी स्वतःचं हातभर रॉकेट केलं. पहिल्यांदा ते शाळेच्या निंबाच्या झाडात घुसलं. दुसऱ्यांदा वेगानं शेपटाची पाती फडफडून तुटली आणि मुलं हसली. हेडमास्तरांनी बजावलं, आता एकदाच. उन्हाळ्यात व्याही रिटायर होणार होते. वाकडं जाणारं रॉकेट मागं ठेवून त्यांना शाळा सोडायची नव्हती.

"तीन पाती कापून द्या," म्हणाले.

"चार घ्या. तीन पायांचं टेबल असतं का, याहीबुवा?"

"तिपाई डुगडुगत नाही. तुमच्या चार पायांच्या टेबलाखाली बघा, पुठ्ठा सारलाय."

मी गुमान पाती कापली आणि सवयीनं कडांना घडी मारली. उघड्या कडेचा पत्रा माझ्या दुकानातून बाहेर जात नाही. व्याह्यांनी एक पातं डोळ्यासमोर आडवं धरलं. "घडी एकाच बाजूला शे, दुसरीकडं नाही. इतक्या वेगात वारा तिकडेच ढकलेल."

"घडी नसली तर हात कापेल."

"आभाळात कोणाचा?"

मग मीही पेटलो. जाड ॲल्युमिनियम आणलं. तिन्ही पाती एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळली आणि एकच समजून कानसली, म्हणजे केसाचाही फरक नको. मग सुटी करून प्रत्येकाची कड दोन्ही अंगांनी सारखी उतरवली. व्याही रोज यायचे, नखानं चाचपायचे, 'नाही' म्हणून जायचे. रॉकेटच्या नळीवर तीन सारख्या खुणा करायला ते कोनमापक घेऊन बसले. मी नळीभोवती दोरा गुंडाळला, तेवढाच तोडला, त्याच्या तीन घड्या घातल्या आणि खुणा केल्या.

"हे पुस्तकात नाही," म्हणाले.

"पुस्तकाला दोरा कुठं असतो?"

पांझरेच्या कोरड्या पात्रात मुलं दोरीमागं उभी केली. हेडमास्तर घड्याळ बघत होते. बत्ती लागली आणि रॉकेट ओळंब्यासारखं सरळ गेलं, इतकं वर की मुलं ओरडायची विसरली. दूर वाळूत सापडलं तेव्हा व्याह्यांनी पात्यांवरून अंगठा फिरवला. एकही हललं नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून वाळूतून परत चालत राहिले, आणि हात मधे कुठं काढला नाही.

आता ते नाहीत. दुकान मुलगा बघतो, पण मी अजून कधीमधी पत्रा कापतो. कड झकास उतरते. मग तो तुकडा हातात धरून जरा वेळ बसतो. सगळे बरं म्हणतात, नुसतं बघून; नखानं कोणी चाचपत नाही.