पणजोबांचे चाचे

ह्यांच्या दुबईच्या ऑफिसातला गोरा साहेब पणजोबांच्या नावावर मिरवायचा. केबिनमध्ये त्या दाढीवाल्याचा भलामोठा फोटो. व्हिक्टोरिया राणीच्या आरमारात म्हणे पोरवयातच भरती, मग लेफ्टनंट, मग कॅप्टन. आणि अ‍ॅडमिरल कधी? तर रिटायर होऊन घरी पाय पसरून बसल्यावर, नुसत्या वयाच्या जोरावर! मी म्हटलं, "डोंबल! अशी बढती तर आमच्या सासूबाईंनाही मिळाली असती."

ह्यांना कुठलं हसू यायला? व्हिसा संपत आला होता आणि कॉन्ट्रॅक्टवर साहेबाची सही अजून व्हायची होती. ती नाही झाली तर खलास! शारजातलं अल मजाजचं घर गुंडाळायचं, लेकीची शाळा अर्ध्यावर सोडवायची आणि परत. म्हणून "येस सर, येस सर" करत हे त्याला मंडळाच्या गणपतीला घेऊन आले. तो इंग्लिशमध्ये बोलणार, हे मराठीत सांगणार. मला तर दोघांचीही किळस आली.

माईक हातात येताच साहेब पणजोबांवर घसरला. ह्यांनी मराठीत सांगितलं, "या किनाऱ्यावरचे सगळे चाचे त्यांनी पकडले." पोरं खिदळायला लागली. त्यांचा चाचा म्हणजे स्कूलबस चालवणारा म्हातारा पठाण! आमची लेक तर ओरडलीच, "व्हॉट डिड बस-चाचा डू?" तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते इंग्लिशच.

मग साहेब म्हणाला, तुमच्या कोकणातले चाचेही आमच्याच घराण्यानं साफ केले. अरे मेल्या, चाचे कसले? आमचं आरमार होतं ते! ह्यांचे पूर्वज त्यात तांडेल होते. आता हे तेसुद्धा मुकाट्यानं मराठीत ओकणार, असंच मला वाटलं.

ह्यांनी रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "साहेब सांगतायत, कोकणच्या आरमारापुढे आमच्या बापजाद्यांना पळता भुई थोडी झाली होती."

टाळ्यांचा नुसता कडकडाट! तो शिंचा छातीवर हात ठेवून वाकला. खाली बसल्यावर मात्र त्याला कसलीशी शंका आली. शेजारी आमची लेक बसली होती. तिलाच त्यानं इंग्लिशमध्ये विचारलं, "डॅडी काय म्हणाले गं?"

कार्टी खरं सांगून मोकळी होणार, सही गेलीच.

तिनं एकदा बापाकडे पाहिलं. मग साहेबाकडे वळून, कधी नव्हे ते स्वच्छ मराठीत म्हणाली, "चाचा, मला इंग्लिश येत नाही."