वळसंगचा हुरडा आणि माझं ‘बघू’

कुणाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही सवय मला कधी लागली ते आठवत नाही. पण ते मला छान जमतं, असा माझा समज होता. बारशापासून सत्यनारायणापर्यंत कितीतरी आमंत्रणं मी अशी गोड बोलून टाळली, की बोलावणारी बाई नकार घेऊन निघाली आहे हे तिला घरी पोचेपर्यंत कळू नये.

सोलापुरातल्या आमच्या शाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर तिशीतली एक शिक्षिका बसते. सासर वळसंग, तिथून रोज एसटीने ये-जा. माहेर त्याच रस्त्याने पुढे, अक्कलकोटच्याही पलीकडे, मैंदर्गीला. घरात कानडी, माझ्याशी मराठी. थंडी पडली की तिचं आमंत्रण ठरलेलं. ‘मॅडम, रविवारी हुरडा खायला या की. कणसं लई कवळी हायत.’ गेल्या वर्षी दोन रविवार मी पेपर तपासण्याच्या नावावर ढकलले आणि तिसऱ्या वेळी, ‘अगं, आता दाणा टणक झाला असेल ना!’ म्हणून हळहळले. हळहळ निम्मी खोटी होती. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. सहा दिवस शाळा, वर दहावीचे जादा तास. रविवारी मला पायात चप्पलसुद्धा घालावीशी वाटत नाही. जेवायचं आणि आडवं व्हायचं, एवढीच माझी चैन.

यंदा जानेवारी संपताना ती हसत म्हणाली, ‘आता सुटका न्हाय तुमची. मामांनी हिरीजवळचा एक पट्टा मुद्दाम उशिरा पेरलाय. म्हणले, तुज्या मॅडमना उशीर हुतोय न्हवं, मग जोंधळाच उशिरा येऊ दे.’

माझ्या झोपेपायी तिच्या सासऱ्यांनी पेरणी पुढे ढकलली होती. मला हसू आलं, ओशाळल्यासारखंही झालं. तेव्हाच काय ते हो किंवा नाही म्हणून मोकळं व्हायचं. मी म्हणाले, ‘बघू. जमवते.’

असे तीन रविवार गेले. शुक्रवारी ती विचारायची, मी ‘बघू’ म्हणायची, आणि रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मेसेज टाकायची, ‘आज नाही गं जमत. पुढच्या रविवारी नक्की. मामांना नमस्कार सांग.’ ‘काय हरकत न्हाय मॅडम’ असं तिचं उत्तर आलं की मी निवांत.

चौथ्या शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिला फोन आला. ती कानडीत बोलत होती. मला सगळं कळत नाही, पण ‘अव्वा’ कळतं, आणि डोळ्यांत आलेलं पाणी कळायला भाषा लागत नाही. फोन ठेवल्यावर मी खोदून विचारलं. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते. भाऊ पुण्याला. औषधाचे थेंब शेजारीण येऊन घालत होती. आणि ही अजून बघायलाही गेली नव्हती.

‘अगं, मग गेली का नाहीस?’

‘मला रविवारच घावतोय की मॅडम. आणि रविवारी तुमी येणार असताय.’

त्यात टोमणा नव्हता. तिने सरळ सांगितलं. शनिवारी सासूबाई दही लावतात, शेंगांची चटणी कुटतात. रविवारी सकाळी मामा शेतात कणसं भाजायला आगटी पेटवतात, मॅडम येणार म्हणून भावकीतली चार माणसं बोलावतात. माझा मेसेज पोचतो तेव्हा ती माणसं बसलेली असतात. त्यांना टाकून तिने निघायचं कसं?

मला लाज वाटली, आणि तिचा रागही आला. ‘मला सांगायचंस ना!’

‘पाहुण्याला येऊ नका म्हणून कसं सांगायचं, मॅडम?’

मी तिला मामांना फोन लावायला सांगितला आणि तो हातातून घेतला.

‘बर्री, बर्री,’ पलीकडून कानडीतलं स्वागत आलं. ‘परवाच्याला येताय न्हवं बाई?’

‘बघू’ अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. ‘नाही मामा. या रविवारी येत नाही.’

‘मग म्होरच्या?’

‘पुढच्याही नाही. यंदा माझं येणं होणार नाही.’

ते हळू आवाजात म्हणाले, ‘आमचं काय चुकलं का बाई?’

‘तुमचं काही नाही. माझंच चुकलं. रविवारी मला झोपायचं असतं, बाकी काही कारण नव्हतं. पण सूनबाईंना आता मैंदर्गीला जाऊ द्या. आई वाट बघतेय.’

‘जाऊ द्या म्हंजे? आमी कवा आडवली?’ म्हाताऱ्याचा आवाज चढला. ‘दोन ऐतवार मीच म्हणतोय, जा म्हून. तीच म्हणती, मॅडम पहिल्यांदा येणार, मी घरात नसले तर त्यास्नी कसं वाटंल.’

ती समोर मान खाली घालून डबा बंद करत होती. मी फोन तिला परत दिला.

‘उद्या शाळा सुटली की नेहमीचीच गाडी पकड,’ मी म्हणाले, ‘आणि वळसंगला उतरू नकोस.’