वल्ह्यावरचा शर्ट

अमावास्येला दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या बायकोची टिंगल करणारा माणूस मी. भुतंखेतं म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, हे माझं ठाम मत. गोखिवऱ्यात राहतो, फोटोग्राफर आहे, पोटासाठी लग्नं-बारशीही करतो. हे लिहितोय कारण आता झोप लागत नाही… बस्स.

गेल्या हिवाळ्यात एका मासिकाचं काम मिळालं. शिडाची होडी हवी, आणि फोटो किनाऱ्यावरून नाही, पाण्यावरूनच काढायचे. आता सगळ्यांकडे इंजिनं! शोधत शोधत पाचूबंदरला इनासकाका सापडले. सत्तरीचे, अजूनही एकटेच शीड लावून मासे धरायला जाणारे.

सकाळी आठला निघालो. काका त्यांच्या होडीत, मी त्यांचा पुतण्या डॉमनिक याच्या मोटरबोटीत. वारा छान, ऊन तिरपं. काका सुकाणू धरून बसलेले, अंगात निळा शर्ट. मी ओरडलो, "काका, जरा उभे राहा ना!"

"उबा रायलो तर सुकानू कोन धरील, तुजा बाप?"

डॉमनिक खो खो हसला, मीही हसलो. तासाभराने परतलो.

किनाऱ्यावर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काकांना फोटो दाखवत होतो. एका फोटोवर ते थांबले. त्यात ते होडीत उघडेबंब उभे होते. दोन्ही हातांनी वल्हं उंच धरलेलं, आणि वल्ह्याच्या टोकाला तो निळा शर्ट बांधलेला.

"मी उटलोच नाय," काका म्हणाले. "एकदा पन नाय."

डॉमनिकही तेच म्हणाला. अहो, मी तर पूर्ण वेळ डोळ्याला कॅमेरा लावून होतो, मलाही काही दिसलं नव्हतं! कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढत होता. आधीच्या फोटोत काका बसलेले, नंतरच्या फोटोतही बसलेले, शर्ट अंगात. एवढ्याशा वेळात माणूस शर्ट काढून, बांधून, परत घालेल कसा?

काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "बाबा, होडी बुडायला लागली की आमी असा शर्ट लावतो. लांबच्या बोटीला कलावं म्हनून. ह्यो फोटो ठेवू नको. आत्ताच्या आत्ता काढून टाक."

"काढला," मी म्हणालो, आणि बटण दाबल्यासारखं केलं.

काढला नव्हता. घरी आल्यावर सगळ्यात आधी तोच पाठवला. संपादक खूश, फोटो थेट मुखपृष्ठावर. आठवड्याभरात पाचूबंदरच्या घराघरात मोबाइलवर पोचला. लोक विचारायचे, "हे कसं सुचलं हो?" मी सांगायचो, "मीच उभं केलं काकांना तसं." दुसरं काय सांगणार होतो? काकांनी मात्र माझा फोन परत कधी उचलला नाही.

उन्हाळा लागला आणि डॉमनिकचा फोन आला. काका गेले. भर दुपारी, किनारा दिसत असताना होडीत पाणी शिरलं.

काकांच्या अंत्यविधीची मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात डॉमनिकने मला बाजूला घेतलं. त्याचे डोळे सुजले होते.

"दोन बोटी समोरून गेल्या रे. त्यांनी बघितलं काकाला. उघडा उभा होता, वल्ह्याला शर्ट लावून."

"मग?"

"मग काय? हसले ते. म्हनाले, इनास परत फोटो काढून घेतोय… हात हलवला नि पुढे गेले. आता ते दोघं बोटवाले घराबाहेर पडत नाय."

तेवढ्यात काकांची मुलगी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. तिच्या हातचं पाणी मला पिववलं नाही.

फोटो दोन जाणकारांना दाखवला. कॅमेऱ्यात बिघाड नाही, फोटोत फेरफार नाही, असं दोघेही म्हणाले. तो फोटो कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा. पण काकांनी काढून टाक म्हटल्यावर मी तो का ठेवला, हे मात्र मला कुणी सांगायची गरज नाही.