बिननावाचा तक्ता

माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी जर्मनीत, एर्लांगेनला आल्या आणि चौदा महिने राहिल्या. त्या येऊन महिना होतो न होतो तोच विमानं बंद झाली. पुढे व्हिसा वाढत गेला, औषधांची व्यवस्था झाली आणि त्या आमच्या सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात कायमच्या स्थिरावल्या. सत्तरी ओलांडलेली, साखर, गुडघे आणि बोलायला माणूस नाही. माझी लेक त्यांचं सगळं ऐकून घ्यायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची.

"अगं, ही मला सारखं गेनाऊ गेनाऊ करते, म्हणजे काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"तुमचं बरोबर आहे म्हणते, आई."

"मग आहेच माझं बरोबर," म्हणाल्या, आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

त्यांना काम मिळालं ते कोविडच्या पहिल्या पुऱ्या हिवाळ्यात. आमच्या गावातल्या मराठी मंडळाने ठरवलं की ज्या घरात कुणी पॉझिटिव्ह निघेल त्या घराला चौदा दिवस दाराशी डबा पोचवायचा. स्वयंपाक पाच-सहा घरांनी वाटून घेतला. डबे पोचवायला माझा नवरा आणि त्याचे दोन मित्र सायकली घेऊन निघायचे. फोनवरची चौकशी सासूबाईंकडे आली आणि यादी माझ्याकडे, कारण मी विद्यापीठाच्या एका संस्थेत रोग्यांच्या आकडेवारीचं काम करते. यादी म्हटली की माझे हात शिवशिवतात, हा माझा जुना रोग.

आता आपल्याकडची चौकशी म्हणजे काय ते मी सांगायला नको. ताप किती, खोकला किती हे दोन मिनिटांत उरकायचं. मग, गाव कुठलं? म्हणजे जिल्हा कुठला? इथे काम काय करता? घरात किती जण? कांदा-लसूण चालतो का? एकादशी धरता का? समोरचा माणूस तापाने फणफणलेला असायचा, पण कुणीतरी इतकं विचारतंय म्हणून तोही सगळं सांगत बसायचा. सासूबाई फोनवर हात ठेवून मला म्हणायच्या, "लिही गं, हिंगोली. लिही, एकटीच राहते." मी लिहीत गेले. आठ रकाने झाले, मग नऊ झाले.

ती हिंगोलीची मुलगी विद्यापीठात एमएस्सी करत होती. मंडळातल्याच एका कुटुंबाच्या घरात तळघरातली खोली भाड्याने घेऊन राहायची. सासूबाईंचं माहेर तिच्या गावापासून दोन तासांवर, त्यामुळे तिचा फोन चाळीस मिनिटांच्या आत कधी संपला नाही. आजारातून ती पंधरा दिवसांत उठली, तरी फोन चालूच राहिले. तिनेच सासूबाईंना सांगितलं की ती आठवड्यातून तीन दिवस गावाबाहेरच्या पार्सलच्या गोदामात काम करते. तिथे जेवायची खोली एवढीशी, सगळे खांद्याला खांदा लावून बसतात, आणि खोकला असला तरी येतात, कारण सुट्टी घेतली की पुढच्या पाळीला नाव नसतं. घरमालकांना मात्र तिने विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते असं सांगितलं होतं. घरमालकिणीचे हृदयाचं ऑपरेशन झालेले सासरे त्याच घरात होते. गोदाम म्हटलं असतं तर खोली मिळाली नसती, हे तिला ठाऊक होतं. सासूबाईंनी मला सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस हं." मी बोलले नाही. कामाच्या रकान्यात फक्त "गोदाम" लिहिलं.

त्याच दिवसांत आमच्या संस्थेत माझं भांडण चालू होतं. भांडण म्हणजे जर्मन भांडण, दर सोमवारी दहा वाजता, ऑनलाइन, एकेकाने हात वर करून. जर्मनीत रोग्याच्या फॉर्मवर वय असतं, स्त्री की पुरुष असतं, पिनकोड असतो. माणूस कुठला, त्याचे आईवडील कुठले, घरात कोणती भाषा बोलतात, यातलं काही विचारत नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत असे आकडे छापून येत होते आणि त्यावरून तिथे काही हलतही होतं. इथे आमच्या अतिदक्षता विभागातली डॉक्टर मैत्रीण मला सांगायची की खाटांवरची निम्मी आडनावं परदेशी दिसतात, पण ते कुठे लिहायची सोय नाही. मी म्हणायचे, एक रकाना घाला. ऐच्छिक ठेवा, पण घाला. कोण आजारी पडतंय हेच विचारायचं नाही, तर मग मदत कुणाच्या दाराशी न्यायची?

आमच्या प्राध्यापक बाई निवृत्तीला आल्या होत्या. नऊ वर्षं एकत्र काम करून आम्ही अजून एकमेकींना अहो-जाहो करतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्या देशातल्या फॉर्मवर तो रकाना एकदा होता, नाझींच्या काळात. तो भरणारे लोक वाईट नव्हते. नीटनेटके होते. तुमच्यासारखेच."

मला असा राग आला म्हणता! मी कॅमेरा बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन अर्धा तास भांडी घासली. सासूबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही, नाकाने कांदे सोलणारी माणसं आहेत." त्यांनी पुढची कढई माझ्याकडे सरकवली.

पुढच्या रविवारी दुपारी मी आमची डब्यांची यादी कामाच्या रकान्यावरून लावून पाहिली. सहज म्हणून. कंपन्यांमधले लोक, जे घरी बसून लॅपटॉप बडवत होते, त्यांच्यात आजारी फार थोडे, आणि तेही मुलांच्या शाळेतून आलेले. खाली मात्र गोदाम, गोदाम, पुन्हा गोदाम. सगळे विद्यार्थी किंवा नुकते आलेले. तारखाही एकमेकींना चिकटलेल्या. मी खुर्चीतून उठलेच. सरकारला जे महिनोन्‌महिने दिसलं नव्हतं ते माझ्या सासूबाईंनी भाजी निवडता निवडता शोधून काढलं होतं.

सोमवारी मी बाईंना ते दाखवलं. त्या ते वरून खालपर्यंत वाचून म्हणाल्या, "म्हणजे रकाना कामाचा हवा, वंशाचा नको." मी म्हटलं, "कामाचा रकाना भरला कुणी? एका बाईने, आणि का, तर ती माणसं तिला आपली वाटली म्हणून. तुमच्या आरोग्य खात्याने यातल्या एकालाही विचारलं नाही." गोदामाचं नाव तेवढं आरोग्य खात्याला कळवूया, त्या म्हणाल्या. माणसं कुठली ते लिहायचं नाही.

मी हवेत होते. जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आणि त्याच हवेत मी संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर तक्ता टाकला. हेतू चांगला होता. गोदामात काम करणाऱ्यांनी तपासणी करून घ्यावी, बाकीच्यांनी त्यांना सांभाळून घ्यावं. नावं काढली, पत्ते काढले, फोन नंबर काढले. जिल्हा, घरात किती, खाण्याची पद्धत आणि काम, एवढेच रकाने ठेवले. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं की कुणाचीही ओळख उघड होणार नाही याची काळजी घेतली आहे.

आमच्या संस्थेत नवीन माणूस आला की मी त्याला पहिला धडा देते, गट अगदी लहान असेल तर तो छापायचा नाही, माणूस ओळखू येतो. हे मी इतक्या वर्षांत इतक्यांकडून घोकून घेतलंय. आणि आमच्या ग्रुपवर, जिथे आडनावावरून तालुका आणि आमटीवरून जात ओळखतात, तिथे मी लिहून ठेवलं: हिंगोली, एकटी, कांदा-लसूण वर्ज्य, एकादशी, गोदाम. हिंगोलीची आमच्या गावात एकच होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हिंगोलीच्या मुलीचा फोन आला, सासूबाईंच्या नाही, माझ्या मोबाइलवर.

"ताई, मला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलंय."

मी म्हटलं, "पण त्यात नाव कुठे होतं तुझं?"

त्यावर तिने अडचण सांगितली, न रडता, एकेक करून. तिच्या इथे राहण्याच्या परवान्याची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. तो वाढवायला नोंदवलेला पत्ता लागतो, आनमेल्डुंग, आणि पत्ता नोंदवायला घरमालकाची सही लागते. हिवाळ्यात, कोविडमध्ये, नुकत्याच आजारी पडलेल्या मुलीला खोली कोण दाखवणार? खोली नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर परवाना नाही, आणि शेवटचं सेमिस्टर उरलेलं.

मी सायकल काढली आणि तिच्या घरमालकीण वहिनींकडे गेले. आम्ही त्यांच्या बागेत दोन टोकांना उभ्या राहिलो. त्या वाईट बाई नाहीत; डबे त्यांनीही केले होते. मी म्हटलं, ती बरी झालीये, आता तिच्यापासून धोका नाही. त्या म्हणाल्या, "आज नाही. पण ती परत तिथेच जाणार ना? गर्दी तीच ना? आमच्या घरात हृदयाचा पेशंट आहे. आणि ती खोटं बोलली."

"तिला खोली हवी होती, वहिनी."

"आकडे तुम्हीच दिलेत ना? मला तुमच्याइतकं त्यातलं कळत नाही, पण वाचता येतं."

मी परत आले. तक्ता काढून टाकला, पण तोवर तो आणखी दोन ग्रुपांवर गेला होता. लेकीने विचारलं, "आल्झो, म्हणजे तूच टाकलास तो?" तो एक जर्मन शब्द सोडला तर एवढं वाक्य तिने चक्क मराठीत विचारलं. मी हो म्हटलं. माझी मलाच लाज वाटत होती, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

तिकडे गोदामाचं काम मात्र झालं. आरोग्य खात्याची माणसं गेली, दर आठवड्याला तपासणी सुरू झाली, जेवायच्या पाळ्या वेगळ्या झाल्या. त्यानंतर आमच्या यादीत गोदामातलं नवीन माणूस जवळजवळ आलं नाही. बाईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं की यात तुमच्या सासूबाईंचा मोठा हात आहे. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी फक्त थँक्यू म्हटलं.

मी खोल्या शोधत होते. ओळखीच्यांना विचारलं, संस्थेत फलकावर चिठ्ठी लावली. दहा दिवस गेले. मग एका दुपारी ती मुलगी आमचे स्टीलचे डबे परत करायला आली. घासून लख्ख केलेले, आणि रिकामे द्यायचे नाहीत म्हणून प्रत्येकात चमचाभर साखर. ती जिन्यात उभी राहिली, मास्क लावून, मी दारात. मागे सासूबाई येऊन खुर्चीवर बसल्या.

मी म्हटलं, "मी बघतेय गं, मिळेल कुठेतरी."

"कुठेतरी कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "इथे राहा. हिच्या कामाच्या खोलीत गादी घालू. कागदावर पत्ता हाच दे. सही काय, माझा मुलगा करेल."

खोली खरंच होती. तिच्यात माझं टेबल होतं आणि कपडे वाळत घालायचा स्टँड होता. ते पाच मिनिटांत हललं असतं. आणि मी गप्प उभी होते. मी मनातल्या मनात जुळवत होते: आठवड्याच्या तीन पाळ्या, बसमधला प्रवास, एकच न्हाणीघर, सासूबाईंचं वय, त्यांची साखर, लस अजून नाही. एकदा होऊन गेलेला आजार किती महिने पुन्हा होत नाही हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. वहिनींनी त्यांच्या सासऱ्यांसाठी केलं असेल तेच मी करत होते, फक्त त्यांच्यापेक्षा जास्त अचूक.

असे किती सेकंद गेले असतील? फार नसतील. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"नको आजी," ती म्हणाली. "माझी सोय झालीये."

न्युर्नबर्गला गोदामातल्याच चार मुली दोन खोल्यांत राहत होत्या, त्यांच्यात ही पाचवी. सहीचं त्या बघणार होत्या. एक न्हाणीघर, एक शेगडी, पाच जणी, पाळ्या वेगवेगळ्या. असं घर यादीत दिसलं असतं तर मी त्याच्यापुढे लाल खूण केली असती, आणि हे मला जितकं कळत होतं तितकं त्या जिन्यात कुणालाच कळत नव्हतं.

"घरातही मास्क लावत जा," मी म्हणाले. हे एवढंच मला सुचलं.

"हो ताई." तिने लांबूनच सासूबाईंना वाकून नमस्कार केला. सासूबाईंनी तिला नाही, मला हाक मारली, नावाने, एकदाच. मी मागे वळले नाही.

"येते," ती म्हणाली.

मी "ये हो" म्हटलं, आणि मला हायसं वाटलं. दार अजून पुरतं लागलं नव्हतं. ते हायसं वाटणं तिने माझ्या तोंडावर पाहिलं, आणि मग ती जिना उतरली.